अगत्तीहून हिंगोलीला

अगत्ती ते मुंबई हे अंतर समुद्रमार्गे साधारण ४८० सागरी मैल आहे. आपल्या हिशेबात नऊशे किलोमीटरच्या आसपास. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. जहाजाची चाल १५ नॉट धरली तर एवढा पल्ला गाठायला बत्तीस तास लागतात. लक्षद्वीपची क्रूझ करणाऱ्यांच्या वेळापत्रकात या बत्तीस तासांपुढे पाहण्यासारखं काही लिहिलेलं नसतं. बेटं बघून झालेली असतात, फोटो काढून झालेले असतात आणि माणसं मनानं घरी पोचलेली असतात. मला मात्र त्या सगळ्या सहलीत सर्वांत जास्त मिळालं ते याच परतीच्या टप्प्यात. अगत्तीच्या वाळूवरून पाय उचलल्यापासून हिंगोली स्टेशनवर उतरेपर्यंत. म्हणून इथे जाण्याचं वर्णन नाही, फक्त येण्याचं आहे.

आम्ही चौघं होतो. मी, हे, माझे दीर आणि जाऊबाई. दीर शेती बघतात. वसमतकडे आमची हळद असते. मी हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. प्रवाळबेट, खारकच्छ, मोसमी वारे हे सगळं खडूनं फळ्यावर काढलेलं होतं. त्यामुळे अगत्तीला उतरल्यावर माझं लक्ष आधी बेटाच्या आकाराकडे गेलं. सहा-सात किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं असं हे बेट प्रवाळकड्याच्या पूर्वेच्या काठावर बसलेलं आहे, आणि पश्चिमेला हिरव्यानिळ्या उथळ पाण्याचं खारकच्छ पसरलं आहे. बाहेर कड्यावर लाट फुटते आणि आतलं पाणी शांत राहतं. या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरूच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांची ने-आण छोट्या बोटींनी होते. पाऊसकाळात इथला समुद्र खवळलेला असतो, म्हणून या फेऱ्या पावसाळा टाळून होतात. आम्ही गेलो ते थंडी सरतानाच्या दिवसांत.

बेटावर वस्ती साडेसात हजारांच्या वर आहे, भाषा मल्याळमच्या वळणाची, आणि नजर जाईल तिथे माड. पण दीरांना माडांपेक्षा पाण्याचं कोडं पडलं होतं. चारही बाजूंनी खारं पाणी, नदी नाही, ओढा नाही, मग एवढी माणसं पितात काय? उत्तर तिथेच मिळालं. पावसाचं गोडं पाणी वाळूच्या पोटात एका पातळ थरासारखं साठतं, पण उपसा वाढला की तेही खारट होतं. म्हणून अगत्तीला २०११ मध्ये दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं तो उभारला. त्याआधी असाच प्रकल्प कवरत्तीला २००५ मध्ये झाला होता. यातली युक्ती मला फार आवडली. समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं. ते कमी दाबाच्या टाकीत सोडलं की न तापवताच त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते. मग साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी नळानं वर आणून त्यावर ही वाफ थंड करायची, की झालं गोडं पाणी. जाळायला लाकूडफाटा नाही, गाळायला पडदा नाही. समुद्राच्या वरच्या आणि खालच्या पाण्यातला तापमानाचा फरक हेच मुख्य भांडवल.

"मग वहिनी, हे आपल्याकडं काहून होत नाही?" दीरांनी विचारलं. कारण आपल्याकडे चारशे मीटर खोल समुद्र दाराशी नाही. इथे प्रवाळकडा संपला की तळ एकदम खाली जातो, म्हणून एवढं थंड पाणी हाताशी आहे. आपल्याला येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूरच्या धरणांकडेच बघावं लागणार. परतीच्या बोटीत बसेपर्यंत आमचं हेच बोलणं चाललं होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला समुद्रात गेल्यावरही आधी पाणीच दिसतं, आणि त्यात गैर काही नाही.

संध्याकाळी जहाजानं नांगर उचलला.

हे जहाज म्हणजे कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस'. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. आपल्याला ते नवंकोरं वाटतं, पण त्याचा जन्म १९९० चा. फ्रान्समध्ये सेंट नझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी २११ मीटर, ढोबळ टनेज ४८ हजारांच्या वर. हा आकडा वजनाचा नाही, जहाजाच्या बंदिस्त जागेच्या आकारमानाचा आहे. अमेरिकेतली माणसं आठवडाभराची रजा काढून समुद्रावर जात, त्या काळात तीन-चार रात्रींच्या लहान सहलींसाठी मुद्दाम आखून बांधलेलं हे जहाज. मायामीहून बहामा बेटांकडे त्याच्या फेऱ्या असत. मालक बदलले, नाव बदललं, स्पॅनिश प्रवाशांसाठीही ते चाललं, आणि कोविडच्या काळात जगभरची क्रूझ जहाजं बंदरात उभी राहिल्यावर ते विकलं जाऊन भारतात आलं. आपल्या लोकांना रजा मिळते ती शनिवार-रविवारला जोडूनच. तेव्हा लहान सहलींसाठी घडवलेलं जहाज आपल्याकडे यावं हे जमून आलं, असंच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून डेकवर गेलो तर चारही बाजूंना जमीन नाही. मोबाइलवर सिग्नलची एकही काडी नाही. जहाजावरचं वायफाय पैसे भरून मिळतं, पण आम्ही ते घेतलं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. ज्यांना जमेल त्यांनी हे जरूर करावं. पोहण्याचा तलाव, गाण्यांचे कार्यक्रम, खेळ, सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी खाण्याची टेबलं, हे सगळं त्या दिवशीही असतंच. जैन जेवण वेगळं मिळतं, त्यामुळे आमच्याबरोबरची गुजराती कुटुंबं निर्धास्त होती. पण हा दिवस बसून काढायचा असेल तर डेकच्या कठड्याशी खुर्ची ओढून बसावं.

उत्तरेकडे तोंड करून चाललेल्या जहाजाच्या उजव्या हाताला भारत असतो. दिसत काहीच नाही, पण तिकडे आधी केरळ, मग कर्नाटक, मग गोवा, मग आपलं कोकण सरकत असतं. डाव्या हाताला अरबस्तान आणि आफ्रिका. सूर्य उजवीकडून वर येतो आणि दिवसभर आपल्या डोक्यावरून चालत डावीकडे बुडतो. दुपारी उडणाऱ्या माशांचा एक थवा पाण्याबाहेर आला आणि बरंच अंतर कापून पुन्हा लाटेत शिरला. जाऊबाईंनी तो सगळ्यांच्या आधी पाहिला. त्या शेतावर पाखरं राखलेल्या. त्यांची नजर तयार आहे.

त्यांनीच मग विचारलं, आपल्या कयाधूचं पाणी या समुद्राला येतं का?

येत नाही. हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाची पूर्णा थेट गोदावरीलाच मिळते. गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पडलेल्या पावसाचं वाहतं पाणी अर्धा देश ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जातं. या पश्चिमेच्या समुद्राला नदीवाटे आपला एक थेंबही पोचत नाही. पण जूनमध्ये आपण ज्या वाऱ्यांकडे डोळे लावून बसतो ते नैर्ऋत्य मोसमी वारे याच समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीच्या पश्चिमेला ते बहुतेक रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते, ती आमच्या मराठवाड्यावर. पुढे उपसागराकडून येणारे ढग आम्हाला हात देतात. हा धडा मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे. त्या दिवशी तो समुद्राच्या पाठीवर बसून एका बाईला सांगताना माझा आवाज भरून आला, हे लपवून काय करू?

जहाजावरच्या पाण्याचीही चौकशी केली. मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासूनच गोडं पाणी करतात. कुठे इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून बाष्पीभवन करतात, कुठे दाबानं पडद्यातून गाळतात. आंघोळीचा शॉवर सुरू करताना एवढं ध्यानात असलं तर नळ आपोआप लवकर बंद होतो.

शेवटची संध्याकाळ ही कामाची असते आणि ती नीट आखली तर पुढची सकाळ सुखाची जाते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवून जे जे घेतलं ते खात्यावर चढत राहतं. शेवटच्या रात्री त्याचा हिशेब होतो. तो तेव्हाच मागवून ओळ न् ओळ तपासावा, कारण सकाळी त्याच खिडकीपुढे लांब रांग लागते. मोठ्या बॅगांना खोलीनुसार चिठ्ठ्या मिळतात. त्या बांधून बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायच्या, कर्मचारी त्या उचलून नेतात आणि सकाळी धक्क्यावर एकत्र मिळतात. म्हणून औषधं, चष्मा, ओळखपत्र, रेल्वेचं तिकीट, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या तर सकाळची गोळी चुकते. आमच्या वयाच्या माणसांसाठी ही गोष्ट लहान नाही. उतरवतातही मजल्या-मजल्यानं, नाव पुकारून. देशांतर्गत फेरी असल्यानं पासपोर्टाचं काम नसतं, सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला जायला मात्र प्रवेशपरवाना लागतो, तो निघण्याआधीच झालेला असतो.

रात्री झोपण्यापूर्वी ह्यांनी खोली आवरणाऱ्या मुलाला थांबवून त्याचं घर विचारलं. तो कुठल्याशा डोंगरी राज्यातला होता आणि कित्येक महिने घरी गेला नव्हता. आमच्या उतरण्यानंतर काही तासांत नवे प्रवासी चढणार होते आणि तेवढ्या वेळात त्याला आपल्या वाट्याच्या सगळ्या खोल्या धुऊनपुसून पलंग घालायचे होते. आपली परत जायची सकाळ ही त्यांची सर्वांत घाईची सकाळ असते. खोली आवरून, टॉवेल एका जागी ठेवून निघालं तर त्यांना खरोखर मदत होते.

पहाटे अंधारातच आम्ही पुन्हा डेकवर आलो. मुंबई बंदरात शिरताना झोपून राहणं हे या सहलीत करू नये असं एकमेव काम आहे, असं मी ठासून सांगेन. दक्षिणेकडून येताना उजव्या हाताला आधी दिसतो तो खांदेरीचा दिवा. इथलं दीपगृह १८६७ चं, पण बेटाची खरी ओळख त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर या बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघांनी तो होऊ नये म्हणून जंग जंग पछाडलं. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमारानं तो टिकवला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा खांदेरी आहे. मराठवाड्यात आम्ही गड म्हटलं की देवगिरी किंवा कंधार बघतो. जमिनीवरचा किल्ला आणि पाण्यातला किल्ला यांतला फरक कळायला समुद्राकडूनच यावं लागतं. तोफेच्या पल्ल्यात कोण येतं आणि कोणाची वाट अडते, हे नकाशावर कळत नाही. जहाजाचं नाक वळताना कळतं.

याच पाण्यात, मुंबई आणि रेवस यांच्या दरम्यान, १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली, दीप अमावास्येला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून तो दिवस सांगितला जातो. चढल्याबरोबर जहाजावर जीवरक्षक जाकीट घालून सगळ्यांना ठरलेल्या जागी उभं करतात, तेव्हा काही मंडळी कंटाळतात. कंटाळू नये. कुठल्या जिन्यानं कुठे जायचं हे एकदा पायाखालून घालून ठेवण्यात भीतीचं काही नाही, शहाणपणच आहे.

बंदराच्या तोंडाशी एक छोटी लाँच जहाजाला येऊन भिडली आणि चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या शिडीवरून एक माणूस वर आला. हा बंदराचा पायलट. खडक, वाळूचे उंचवटे, भरती-ओहोटीचा ओढा, हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे अशा माणसाच्या सांगण्यावरूनच मोठं जहाज धक्क्यापर्यंत जातं. डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्जचं दीपगृह, १८७५ चं. मग कुलाबा, गेटवे, नौदलाची गोदी. उजवीकडे घारापुरीचा डोंगर काळा दिसत होता, त्याच्यामागून तांबडं फुटलं, आणि त्याच्याही पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन उभ्या राहिल्या. १९८९ पासून चालू असलेल्या त्या बंदरातून कंटेनर जगभर जातात. दीर कठड्याला टेकून बराच वेळ तिकडेच बघत राहिले. "आपली हळद इथून जाते म्हणा की," एवढंच म्हणाले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. शेतात ती हळद काढणारा, शिजवणारा, वाळवणारा माणूस ती जिथून समुद्रावर चढते ती जागा पहिल्यांदा पाहत होता.

जहाज लागतं ते बॅलार्ड पिअरला. या जागेचा रेल्वेशी जुना संबंध आहे. विलायतेहून डाकबोटी येत त्या काळात धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. बोटीतून उतरलेला प्रवासी तिथेच गाडीत बसे. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ पासून बोटीच्या प्रवाशांना घेऊन धावायची. ते स्टेशन आता नाही. तरीही इथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि मराठवाड्याच्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. जहाज सकाळी लागतं आणि आपली गाडी दुपारी बाराच्या पुढे सुटते. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून मधला वेळ मोकळा होतो. आम्ही जॉर्ज विटेटनं आखलेल्या बॅलार्ड इस्टेटच्या एकसारख्या दगडी इमारतींमधून फिरलो. सावलीचे, रुंद, सुट्टीच्या दिवशी जवळजवळ निर्मनुष्य रस्ते. गेटवेही याच विटेटचा.

आपली गाडी म्हणजे जनशताब्दी. आधी ती मुंबई ते जालना होती. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली. त्याआधी मुंबईहून यायचं तर परभणीला किंवा नांदेडला उतरून पुढे दुसरी सोय बघायची, नाहीतर रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पाठ मोडून घ्यायची. आता सीएसएमटीला बसलं की सहाशेहून अधिक किलोमीटर एकाच खुर्चीत. हिंगोलीकरांनी या गाडीसाठी किती निवेदनं दिली, किती वाट पाहिली, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला त्या फलकावर आपल्या गावाचं नाव बघून काय वाटतं ते विचारू नये.

कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागली आणि गाडी घाट चढू लागली. इगतपुरीला वर आलो तेव्हा मी जाऊबाईंना सांगितलं, आता आपण आपल्या खोऱ्यात आलो. घाटाच्या खालचं पाणी कालच्या आपल्या समुद्राला जातं, इथून पुढचं दारणेतून गोदावरीला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत पूर्वेला जाते. आपली गाडीही बहुतेक सगळी तिच्याच खोऱ्यातून धावते. मनमाडजवळचा तुकडा तेवढा गिरणा-तापीकडे उतरतो. मनमाडपासून पुढचा मार्ग निजामाच्या काळातला, गोदावरी व्हॅली रेल्वेचा. विसाव्या शतकाच्या तोंडाशी घातलेली ती मीटरगेज लाइन. पूर्णेहून हिंगोलीला आलेली फाट्याची लाइनही निजामाच्याच काळातली, आणि ती हिंगोलीतच संपायची. स्वातंत्र्यानंतर ती पुढे अकोला-खंडव्याला जोडली गेली. २००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाली. छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू असं करत अंधार पडला. परभणीला निम्मी गाडी रिकामी झाली. वसमतला दीर-जाऊबाई उतरले, शेतावर माणसं लावलेली होती म्हणून. आम्ही मध्यरात्रीच्या सुमारास हिंगोलीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभी राहिले तर फरशी हळूच वर उचलली गेली आणि खाली गेली.

हे पुष्कळांना होतं आणि याबद्दल आधी कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. जहाजावर पहिल्या दिवशी बोट लागते, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे यांचं म्हणणं जुळत नाही. मग मेंदू लाटेची लय शिकून घेतो आणि प्रत्येक झोका आधीच गृहीत धरून शरीर सावरतो. उतरल्यावर झोका थांबतो, पण मेंदूचं गृहीत धरणं लगेच थांबत नाही. त्यामुळे उभं राहिल्यावर, आंघोळ करताना, डोळे मिटल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं. दिवसा चालावं, पाणी भरपूर प्यावं, अंधारात जिने चढू नयेत, पहिल्या दिवशी दुचाकी चालवू नये. आठवडे उलटले तरी झोका राहिला तर मात्र कान-नाक-घसा किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. फार थोड्या लोकांना हा त्रास महिनोन्महिने राहतो आणि त्यावर उपचार असतात.

माझा झोका अजून उतरायचा होता तेव्हाच आम्ही औंढ्याला गेलो. महाशिवरात्र तोंडावर आली होती, नागनाथाच्या यात्रेची दुकानं लागत होती. नुकताच पहाटे घारापुरीचा डोंगर पाहिला होता, जिथल्या लेण्यात महेशमूर्ती आहे. आणि आता गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्या उतरून जमिनीखालच्या लिंगापुढे बसले. औंढा तालुक्यातच दुधाळ्याला लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहते आहे; २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेझरचा किरण सोडून, दूरच्या ताऱ्यांच्या टकरींनी अवकाशाला आलेला अणूहूनही सूक्ष्म हेलकावा मोजायचा. त्यासाठी अतिशय शांत जमीन लागते. समुद्राच्या लाटांचा थरथराट जमिनीतून शेकडो किलोमीटर आतपर्यंत पोचतो आणि अशा यंत्रांना तो सतत जाणवतो. तो वजा करण्यासाठी शास्त्रज्ञांना केवढा खटाटोप करावा लागतो. देशभर जागा धुंडाळून, धक्क्यांची मोजमापं घेऊन त्यांनी निवडली ती आमची जमीन. मला ती दोन दिवस हलल्यासारखी वाटत होती, आणि तिच्या शांतपणाची मोजमापं तर सरकारी कागदांत नोंदलेली आहेत. हे मला सांगता येईना एवढं आनंदाचं वाटलं.

शेतावर हळद निघाली होती. गड्डे आणि हळकुंडं वेगळी करून कुकरमध्ये वाफेवर शिजत होती, शिजलेली ताडपत्रीवर पसरली होती. दीर जहाजाच्या गोष्टी सांगत होते आणि बाया काम न थांबवता प्रश्न विचारत होत्या. खर्च किती आला, हा पहिला. खोलीला खिडकी आहे की नाही यावर तो ठरतो, हे खरं उत्तर. बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त आणि झोपण्यापुरती पुरेशी. उपवासाचं मिळतं का, हा दुसरा. आधी कळवलं तर मिळतं. आणि एक म्हातारी काकू, गुडघ्यांनी त्रासलेल्या, त्यांनी विचारलं की त्या छोट्या बोटीत उतरता येईल का. मी त्यांना सरळ सांगितलं: बोट आणि जहाज दोन्ही हलत असतात, मधलं पाऊल लाटेची वेळ साधून टाकावं लागतं, दोन्ही बाजूंनी माणसं हात धरायला उभी असतात. गुडघा अगदीच वाकत नसेल तर अगत्तीला उतरू नका, डेकवर खुर्ची टाकून बेट बघा. पण मुंबईत शिरायच्या पहाटे कोणीतरी तुम्हाला उठवेल, एवढी व्यवस्था मात्र करून ठेवा.